दाराबाहेरचा सांबा

१२ ऑगस्ट १९६५. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो शहराच्या आधुनिक कला संग्रहालयात एका मोठ्या प्रदर्शनाचे उद्घाटन होते. त्यात सहभागी असलेला अठ्ठावीस वर्षांचा कलावंत एलिओ ओइटिसिका एकटा आला नाही. मांगेइरा या टेकडीवरच्या झोपडपट्टीतील सांबा नर्तक आणि वादक यांना तो सोबत घेऊन आला. नर्तकांच्या अंगावर त्याने तयार केलेले रंगीत कापडी झगे होते. संग्रहालयाने त्यांना आत नाचू दिले नाही. कलाकृती चालत होती. ती अंगावर घेऊन नाचणारा वस्तीतला काळा माणूस चालत नव्हता! महाडचे तळे आणि नाशिकचे काळाराम मंदिर ठाऊक असलेल्या वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

एलिओने काय केले? तो त्यांच्याबरोबर बाहेर गेला. संग्रहालयाच्या आवारात, उघड्यावर सांबा रंगला.

२६ जुलै १९३७ रोजी रिओत जन्मलेला एलिओ सुशिक्षित, गोऱ्या घरातला. आजोबा भाषापंडित आणि अराज्यवादी, वडील कीटकशास्त्रज्ञ व छायाचित्रकार. १९५४ पासून तो चित्रकला शिकला. १९५९ मध्ये लिजिया क्लार्क, लिजिया पापे यांच्या नवकाँक्रीट गटात सामील झाला. चित्र भिंतीवरून उतरवून माणसाच्या भोवती उभे करायचे, हा त्याचा ध्यास होता.

१९६४ साली ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. त्याच वर्षी एलिओ मांगेइरात जाऊ लागला, तेथील सांबा शाळेत नाच शिकला. अमेरिका खंडात गुलामगिरी सर्वात शेवटी, १८८८ मध्ये, रद्द करणारा देश ब्राझील. त्या गुलामांच्या वंशजांनी जपलेल्या नाचातून त्याचे 'पारांगोले' झगे जन्मले. हे नावही त्याला रस्त्यावरच्या एका बेघराच्या आडोशावर लिहिलेले सापडले. झगा नुसता पाहायचा नाही. घालून नाचायचे, तेव्हाच कलाकृती पूर्ण होते.

१९६७ मध्ये त्याच संग्रहालयात त्याने 'त्रोपिकालिया' उभारली. वाळू, खडी, झाडे, जिवंत पोपट, फळ्या-कापडाच्या खोल्या आणि अंधाऱ्या वाटेच्या टोकाला चालू दूरदर्शन संच. प्रेक्षकाने आत शिरून चालायचे. हेच नाव कायतानो वेलोसोच्या गाण्याला व पुढे एका विद्रोही संगीत चळवळीला मिळाले. १९६८ मध्ये फ्लामेंगोच्या सार्वजनिक उद्यानात त्याने मित्रांसह कलेचा उघडा मेळा भरवला. तेथे दारच नव्हते, मग अडवणार कोण? त्याच डिसेंबरात हुकूमशाहीने उरलेसुरले स्वातंत्र्यही गुंडाळले. १९६९ मध्ये लंडनला प्रदर्शन, पुढे न्यूयॉर्कमधील अनेक वर्षे, १९७८ मध्ये परत मायदेशी. २२ मार्च १९८० रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. २००९ मध्ये कुटुंबीयांच्या घरी लागलेल्या आगीत त्याच्या कितीतरी कलाकृती जळाल्या.

त्याच्या मोठेपणाला एक बाजू आहे, ती झाकू नये. एलिओ मांगेइरातून संध्याकाळी घरी परतू शकत होता. नर्तकांचे घरच तिथे होते. जगातल्या बड्या संग्रहालयांत आज त्याचे नाव आहे. पण त्या दिवशी नाचलेल्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? तरीही एक गोष्ट त्याच्या पदरी टाकलीच पाहिजे. दार अडले तेव्हा आपले आमंत्रण सांभाळत तो आत बसला नाही.

आपल्या जलशांनी वस्त्यावस्त्यांत, कंदिलाच्या उजेडात माणसे जागी केली. आज शहरी महोत्सवांत आपली हलगी आणि आपली गाणी हवीहवीशी वाटतात. बोलावणे आले तर जरूर जावे. फक्त दारात उभे राहून एवढे विचारावे : यांना आपली कला हवी आहे, की आपणही?