सोन्याची भेग

परवा भट्टीतून निघालेला माझा वाडगा तडकलेला दिसला. टाकून द्यायला निघालो, तोच होनआमी कोएत्सू आठवला.

कोएत्सू जन्मला १५५८ साली, जपानात. क्योतोतले त्याचे घराणे तलवारींना झिलई देऊन त्यांची पारख करणारे; पोलादावरचा बारीकसा डागही तिथे खपत नसे. अक्षर तर असे देखणे, की चित्रकार सोतात्सूच्या सोनेरी-रुपेरी चित्रांवर तो कविता लिही. १६१५ मध्ये तोकुगावा इएयासूने त्याला ताकागामिने येथे जमीन दिली. तिथे कारागिरांची वस्तीच वसली.

चहाचे वाडगे तो घडवी ते निव्वळ हौसेने, चाकाविना, हातांनी. भाजायला राकू घराण्याच्या भट्टीत देई. त्यांतला एक लाल वाडगा भाजताना उभा तडकला. डाग हेरण्यात मुरलेल्या या माणसाने तो टाकला नाही! भेगा लाखेने भरल्या गेल्या, वर सोने चढले. लपवायचे काहीच नाही. या रीतीला किन्त्सुगी म्हणतात. वाडग्याचे नाव ‘सेप्पो’, म्हणजे हिमशिखर.

कोएत्सू १६३७ मध्ये गेला. ‘सेप्पो’ आज तोक्योच्या हाताकेयामा संग्रहालयात आहे.

माझा वाडगा अजून टेबलावरच आहे. सोने कुठून आणणार? भेगेवरून बोट मात्र रोज फिरते.