डॉ. कमलाबाई सोहोनी

हिवाळा लागला की आमच्या बाजव्याच्या बाजारात आवळ्यांचे ढीग दिसू लागतात. घरोघरी मोरावळा होतो आणि पहिली फोड आजीआजोबांच्या वाटीत पडते. त्याने उतारवयातही स्मरणशक्ती शाबूत राहते, अशी जुन्या पिढीची श्रद्धा आहे. अशा श्रद्धा पारखाव्या कशा, हे ज्यांच्या चरित्रातून शिकावे, त्या विदुषीची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ. थोरली बहीण म्हणजे विख्यात लेखिका दुर्गाबाई भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी संपादून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी समक्ष जाऊन कारण विचारले. अखेर एक वर्षाच्या कसोटीवर प्रवेश मिळाला. तो अपमान त्यांना जन्मभर सलला; परंतु त्यांच्या कामाने रामन यांचे मत पालटले आणि मागून येणाऱ्या मुलींना संस्थेचे दार उघडले.

पुढे केंब्रिज येथे बटाट्यावर संशोधन करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हा घटक आढळला. पेशी प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातून शक्ती मिळवतात, त्या क्रियेत याचे मोठे कार्य असते. या प्रबंधावर १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली.

मायदेशी परतल्यावर दिल्ली, कुन्नूर व मुंबई येथे त्यांनी गरिबांच्या अन्नाचा अभ्यास केला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा हाती घेतली. तीत क जीवनसत्त्व, लोह इत्यादी पोषकद्रव्ये असून कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवतींना तिचा लाभ होतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक लाभले.

क जीवनसत्त्व हे एक अँटिऑक्सिडंट आहे. पेशी प्राणवायू वापरतात तेव्हा काही घातक कणही उत्पन्न होतात. त्यांना अँटिऑक्सिडंट आवर घालतात. मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू वापरतो सुमारे २० टक्के. म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी वृद्धांची स्मृती टिकेल, अशी आशा अनेकांना वाटली. वृद्धांवर वर्षानुवर्षे प्रयोग झाले. ई जीवनसत्त्व व सेलेनियम यांच्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश टळतो, असे मात्र सिद्ध झाले नाही. भाज्या, फळे, कडधान्ये यांनी युक्त आहार हितकर खरा. तरी तो विस्मृतीवरचा रामबाण नव्हे.

निवृत्तीनंतर कमलाबाईंनी ग्राहक चळवळीत काम केले व भेसळीविरुद्ध लेखन केले. १९९८ साली दिल्लीत त्यांचा सत्कार चालू असतानाच त्या कोसळल्या व अल्पावधीत निवर्तल्या.

विद्यार्थिमित्रहो, आजीला मोरावळा आवडीने द्या. पण ती ओळखीची वाट विसरू लागली, तर महागड्या गोळ्यांच्या जाहिरातीवर विसंबू नका. तिला डॉक्टरांकडे न्या आणि रोज घटकाभर तिच्याशी बोलत बसा. पुराव्यावाचून काही मानू नये आणि दुर्बळांच्या ताटाचा विसर पडू देऊ नये, हाच कमलाबाईंच्या चरित्राचा बोध आहे, असे आम्हास वाटते.