भिंत नसलेले जंतू आणि एमीबाई

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने जंतूंवर लेख द्यावा, याचे आमच्या संपादकांनाही नवल वाटले. पण तसे कारण घडले. गेल्या पावसाळ्यात मला खोकला जडला. अंधेरी स्टेशनचा जिना चढताना धाप लागे, तरी अंथरूण धरले नव्हते. रोज कॉलेजला येतच होते. पेनिसिलिनच्या जातीचे औषध आठवडाभर घेऊनही उतार पडेना. छातीचा फोटो काढला, तर न्यूमोनिया निघाला. डॉक्टरकाकांनी औषध बदलले आणि चार दिवसांत ताप गेला.

पहिले औषध फुकट का गेले, असे मी त्यांना विचारले. त्यांनी सांगितले की पेनिसिलिन जंतूला त्याची भिंत बांधू देत नाही, म्हणून जंतू मरतो. पण माझ्या छातीतला जंतू बहुधा मायकोप्लाझ्मा होता आणि त्याला मुळात भिंतच नसते. ज्या औषधासाठी आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली सरकारी कारखाना निघाला, ते इथे अगदी निरुपयोगी! मी वाचू लागले आणि त्या वाचनात एमी क्लिनेबर्गर भेटल्या.

एमीबाई जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या, ज्यू वंशाच्या. जन्म १८९२ चा. शिकल्या वनस्पतिशास्त्र, काही काळ शाळेत शिकवले आणि १९२२ पासून फ्रँकफुर्टच्या आरोग्यशास्त्र संस्थेत जंतूंच्या अभ्यासाला लागल्या. १९३० साली तिथल्या वैद्यक विद्याशाखेत अध्यापनाचा अधिकार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तीनच वर्षांनी हिटलरच्या राजवटीने तो काढून घेतला. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी बाई लंडनला आल्या आणि लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये नव्याने कामाला बसल्या.

तिथे त्यांनी हाती घेतला गुरांच्या फुप्फुसरोगाचा जंतू. पॅरिसला नोकार आणि रू यांनी १८९८ साली तो प्रथम वाढवला होता. पण त्याचे खरे रूप कोणाला नीट दिसत नव्हते. नेहमीच्या रीतीने तारेने उचलून काचेवर फासला, की भिंतीअभावी तो चेंगरून जाई. बाईंनी युक्ती काढली. जंतूंची वसाहत ज्या अगारवर वाढली, त्याचा तुकडाच कापायचा, तो काचेवर पालथा ठेवायचा आणि द्राव अगारमधून झिरपून जंतूंना जागच्या जागी गोठवील असे करायचे. मग अगार काढून रंग द्यायचा. जंतूला हात न लावता त्याचे चित्र! ही वसाहत तळलेल्या अंड्यासारखी दिसते. मध्ये दाट, कडेला विरळ.

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आतला संसारही दाखवला. तो फारच आटोपशीर आहे. केंद्रक नाही. डीएनएचे एक वेटोळे, प्रथिने घडवणारे रायबोसोमचे कण आणि भोवती एक पातळ पटल. त्या पटलाला लागणारे कोलेस्टेरॉलसुद्धा हा जंतू आश्रयदात्याकडून उचलतो. न्यूमोनिया करणाऱ्या जातीला एक निमुळते टोक असते, त्यात दाट गाभा असतो. त्या टोकाने तो श्वासमार्गाच्या पेशींना चिकटतो.

एमीबाईंचे नाव मात्र अधिक झाले ते एका चुकीमुळे, असे मला वाटते. १९३५ साली उंदीर चावल्याने येणाऱ्या तापाच्या जंतूत त्यांना चिमुकल्या, बिनभिंतीच्या वसाहती दिसल्या. हा त्या जंतूच्या आश्रयाने राहणारा वेगळाच जीव, असे त्या समजल्या आणि लिस्टरच्या आद्याक्षरावरून त्याला ‘एल’ म्हटले. बोस्टनच्या डीनेस यांचे म्हणणे निराळे होते: जंतू तोच, फक्त त्याने भिंत टाकली आहे. बाई वर्षानुवर्षे आपल्या मतावर अडून राहिल्या, पण अखेर डीनेस यांचे बरोबर, हे त्यांनी मान्य केले. परक्या देशात, ज्या शोधावर नाव उभे राहिले तोच अर्धा मागे घेणे किती जड गेले असेल! एल हे नाव मात्र टिकले.

१९४४ साली त्यांनी व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ एडमुंड नोबेल यांच्याशी विवाह केला. दोनच वर्षांत ते वारले. बाईंचे काम चालू राहिले. १९६२ साली मायकोप्लाझ्मांवरचे त्यांचे पुस्तक निघाले आणि योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेत माणसाच्या न्यूमोनियाचा मायकोप्लाझ्मा प्रथम कृत्रिम खाद्यावर वाढवला गेला. हाकलून देणाऱ्या जर्मनीने १९८० साली त्यांना रॉबर्ट कॉख पदक दिले. तेव्हा त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. १९८५ मध्ये लंडनलाच त्यांचे निधन झाले.

माझा खोकला मात्र गणपतीपर्यंत रेंगाळला.