मंद उजेड, रंग आणि इब्न अल-हैसम

वाचकहो, फजरच्या नमाजसाठी घराबाहेर पडताना आपण एक गोष्ट अनेकदा अनुभवली असेल. झाडे दिसतात, वाटेने जाणारा माणूसही दिसतो. परंतु त्याचे वस्त्र हिरवे की निळे, हे सांगता येत नाही. या नित्याच्या अनुभवाचा सुमारे हजार वर्षांपूर्वी एका थोर विद्वानाने सूक्ष्म अभ्यास केला. ते म्हणजे अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम.

इ. स. ९६५ च्या सुमारास बसरा येथे त्यांचा जन्म झाला. नाईल नदीच्या पाण्याचे नियमन करता येईल, असे त्यांचे मत ऐकून फातिमी खलिफा अल-हाकिम यांनी त्यांना कैरोला बोलावले. नदीकाठाने अस्वानच्या परिसरापर्यंत गेल्यावर मात्र ही योजना अशक्य असल्याचे त्यांना उमगले. चरित्रकार सांगतात की, खलिफाच्या कोपातून वाचण्यासाठी त्यांनी वेडाचे सोंग घेतले आणि १०२१ मध्ये अल-हाकिम यांची राजवट संपेपर्यंत ते नजरकैदेत राहिले. पुढे अल-अजहर मशिदीजवळ राहून, गणिताच्या ग्रंथांच्या प्रती लिहून ते उदरनिर्वाह करीत.

त्यांचा 'किताब अल-मनाजिर' हा ग्रंथ सात भागांचा आहे. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, हे युक्लिड व टॉलेमी यांचे मत त्यांनी नाकारले. वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो, हे त्यांनी प्रयोगांच्या आधारे मांडले. गडद निळ्या वा गडद हिरव्या रंगाची वस्तू अंधुक जागी ठेवली, तर ती प्रथम केवळ काळपट भासते. अंधार फार दाट नसेल, तर काही काळ निरखून पाहिल्यावर रंग ओळखू येतो. तीच वस्तू उजेडात आणली की रंग स्पष्ट होतो. म्हणजे रंगाची ओळख पटण्यास प्रकाश हवा आणि वेळही हवा.

यामागील शरीररचना पुढे कित्येक शतकांनी उलगडली. आपल्या नेत्रपटलावर सुमारे ६० लाख शंकुपेशी व सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात. रंगभेद शंकुपेशींमुळे कळतो. परंतु त्यांना पुरेसा प्रकाश लागतो. अतिमंद उजेडात केवळ दंडपेशी काम करतात. त्यांत एकाच प्रकारचे रंगद्रव्य असल्याने उजळ व काळोखे एवढाच भेद कळतो. अंधाराला पूर्ण सरावण्यास डोळ्यांना अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो.

वाचकहो, दुरून बांधलेला नाईलविषयीचा अंदाज इब्न अल-हैसम यांनी नदी प्रत्यक्ष पाहताच सोडून दिला. अंधुक जागी काळपट दिसणाऱ्या वस्तूलाही त्यांनी काळी ठरवले नाही. ती उजेडात नेऊन पाहिली. आपण मात्र अर्धवट ऐकलेल्या गोष्टीवरून एखाद्या माणसाला क्षणात काळे ठरवतो. निवाडा करण्यापूर्वी थांबण्याची आणि पडताळून पाहण्याची तौफिक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.