भट्टीपुढचा उस्ताद : अल्-राझी



‘किमया’ हा शब्द आपण सहज वापरतो. तो मराठीत अरबी-फारसीतून आला. त्या विद्येला शिस्त लावणाऱ्यांत अबू बक्र मुहंमद इब्न झकरिया अल्-राझी यांचे नाव आदराने घेतले जाते.

आजच्या तेहरानजवळील रय या शहरात सुमारे ८६५ साली त्यांचा जन्म झाला. रय व बगदाद येथील रुग्णालयांचे ते प्रमुख होते. देवी आणि गोवर यांतील फरक सांगणारा त्यांचा ग्रंथ पुढे युरोपातही अभ्यासला गेला. ही त्यांची कीर्ती आपण ऐकली असेल. आज त्यांच्या भट्टीची ओळख करून घेऊ.

बुखाऱ्याच्या एका जुन्या शिष्याच्या विनंतीवरून त्यांनी ‘किताब अल्-अस्रार’ लिहिली. नाव ‘रहस्यांचे पुस्तक’; पण आत लपवाछपवी नाही! पदार्थ, उपकरणे आणि कृती असे तिचे सरळ तीन भाग आहेत. धातू वितळविण्याच्या साहित्यात भट्टी, भाता, मूस, सांडशी, पळी, कातर, कानस आणि साचा यांची नोंद आहे. आपल्या गावच्या सोनाराकडे याहून वेगळे काय असते? एकावर एक ठेवलेल्या दोन मुशींचीही युक्ती त्यांनी सांगितली. वरच्या मुशीच्या तळाला भोके असत. वितळलेला धातू खाली ठिबके व मळी वर राही.

भाता कशासाठी, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, ते साध्या शेगडीवरही साधते. तांब्याचा रस व्हायला मात्र १०८५ अंश लागतात. भात्याने वारा घातल्याशिवाय कोळसा तेवढी आच देत नाही.

हलक्या धातूचे सोने होईल, असे राझींना वाटे. ते चुकीचे होते. भट्टीच्या आचेने मूलद्रव्य बदलत नाही. पण दुसऱ्याला करून पाहता येईल अशा रीतीने त्यांनी कृती लिहून ठेवल्या. खरे सोने तेच नव्हे काय?

अखंड लेखनवाचनाने त्यांची दृष्टी अधू झाली, हातही थकला. तरी ते दुसऱ्यांकडून वाचून व लिहून घेत राहिले. ९२५ साली रय येथेच त्यांचे निधन झाले.

पालकहो, विटा, माती, कोळसा आणि लहानसा भाता एवढ्यावर शाळेच्या अंगणात छोटी भट्टी उभी राहू शकते. ती उघड्या जागी असावी, साचा पूर्ण कोरडा असावा आणि शिक्षक शेजारी असावेत. मग मुलगा असो वा मुलगी, हात काळे करून घरी आल्यास रागावू नका. रुग्णालयाच्या प्रमुखालाही कोळशाची लाज वाटली नव्हती. ‘आज काय शिकलास?’ एवढेच प्रेमाने विचारा.