फ्लेमिंग यांचा विसरलेला इशारा

पेनिसिलिनचे जनक सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. सातव्या वर्षीच पितृछत्र हरपले. पुढे लंडनला येऊन त्यांनी जहाज कंपनीच्या कचेरीत चार वर्षे कारकुनी केली. काकांच्या वारशातून थोडी रक्कम हाती आली आणि १९०१ मध्ये त्यांनी सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात जखमा चिघळून दगावणारे सैनिक त्यांनी पाहिले. खोल जखमेत ओतलेली जंतुनाशके जंतूंपेक्षा रक्तातील पांढऱ्या पेशींनाच अधिक मारक ठरतात, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुटीवरून परतल्यावर प्रयोगशाळेतील एका बशीत त्यांना बुरशी आढळली. तिच्याभोवतीचे जंतू नष्ट झाले होते. त्या बुरशीतील द्रव्य म्हणजेच पेनिसिलिन. ते शुद्ध स्वरूपात मिळवून रुग्णांपर्यंत नेण्याचे श्रेय मात्र ऑक्सफर्डचे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना विभागून मिळाले.

गौरवाच्या त्या व्याख्यानातही फ्लेमिंग यांनी धोक्याची सूचना दिली. त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाची कथा सांगितली. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, पण अपुरी मात्रा घेतो. जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. त्यांची बाधा पत्नीला होते, तिच्यावर औषध चालत नाही आणि ती दगावते. ब्रिटनने १९४७ मध्ये कायदा करून पेनिसिलिनची खुली विक्री रोखली. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना औषध न देण्याची जबाबदारी औषधविक्रेत्यांवर आली.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग यांचे निधन झाले. त्याच वर्षी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. प्रतिजैविके आपल्याकडे सुलभ झाली, पण सोबतचा इशारा मागे पडला. २०१४ पासून अनुसूची एच-१ मधील प्रतिजैविके विकताना डॉक्टर व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक आहे. रुग्णालयात प्रतिजैविकाची मात्रा आणि दिवस तपासून, शंका आल्यास डॉक्टरांना सावध करणारा औषधनिर्माता हाच फ्लेमिंग यांच्या इशाऱ्याचा खरा वारसदार होय. चिठ्ठीविना गोळ्या मागणाऱ्या ग्राहकाला त्याने दिलेला नकारही रुग्णसेवेचाच भाग आहे.