संगणकाला सोपी भाषा देणारे जॉन केमेनी

अशी कल्पना करा. नाशिक रोड स्टेशनजवळच्या एखाद्या भंगाराच्या दुकानात तुम्हांला एक काळी, चपटी पेटी दिसली. तिच्यावर टंकयंत्रासारख्या कळा आहेत, पण पडदा नाही. हा जुना घरगुती संगणक आहे आणि टीव्हीला जोडला की चालतो, असे दुकानदाराने सांगितले. तुम्ही कळा नीट पाहिल्या. 'पी' या कळेवर 'प्रिंट', 'एल' वर 'लेट', 'आर' वर 'रन' असे शब्द छापलेले होते. हे शब्द कशाचे?

असे संगणक एके काळी आपल्या देशात विकले जात. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ साली 'स्पेक्ट्रम प्लस' हा ब्रिटिश संगणक परवाना घेऊन भारतात आणला होता. त्याच्या कळांवरील हे शब्द 'बेसिक' या संगणकाच्या भाषेतील आहेत. ती भाषा जॉन केमेनी आणि त्यांचे सहकारी थॉमस कर्ट्झ यांनी तयार केली. आज आपण केमेनी यांची ओळख करून घेऊ.

जॉन केमेनी यांचा जन्म ३१ मे १९२६ रोजी हंगेरी देशातील बुडापेस्ट शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्या काळी हंगेरीत ज्यू लोकांवर जाचक कायदे लादले जात होते. म्हणून १९४० साली हे कुटुंब अमेरिकेत गेले. आजोबांनी मात्र देश सोडायला नकार दिला. पुढे ज्यूंच्या हत्याकांडात ते बळी पडले. तुमच्याएवढ्या वयाचा जॉन न्यूयॉर्कच्या शाळेत दाखल झाला. देश नवा, शाळा नवी, भाषाही नवी! तरीही तीनच वर्षांत तो शाळेत पहिला आला.

पुढे केमेनी प्रिन्स्टन विद्यापीठात गणित शिकू लागले. दुसरे महायुद्ध चालू होते. मध्येच त्यांना लॉस अलामोस येथे अणुबाँबच्या प्रकल्पात आकडेमोडीच्या कामावर जावे लागले. तेथे अनेक माणसे यंत्रांवर रात्रंदिवस काम करीत, तरी एका गणिताचे उत्तर यायला कित्येक आठवडे लागत. युद्धानंतर केमेनी प्रिन्स्टनला परतले. शिकत असतानाच त्यांना थोर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांचे गणितातील साहाय्यक म्हणून काम करण्याची संधी मिळाली. १९५३ साली ते डार्टमथ कॉलेजमध्ये प्राध्यापक झाले.

त्या वेळी संगणक खोलीएवढे मोठे आणि फार महाग असत. नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात कोणालाही सहज जाता येते का? नाही ना? संगणकाच्या खोलीचेही तसेच होते. आत फक्त जाणकारांना प्रवेश असे. इतरांनी आपल्या सूचना छिद्रे पाडलेल्या कार्डांवर लिहून द्यायच्या आणि उत्तराची वाट पाहायची. डार्टमथला तर सुरुवातीला स्वतःचा मोठा संगणकच नव्हता. कर्ट्झ कार्डांची पेटी घेऊन रेल्वेने बॉस्टनकडे जात. ते अंतर नाशिक रोड ते मुंबई या अंतराहून थोडे अधिकच होते. एक चूक राहिली, की पुन्हा तीच खेप!

केमेनी आणि कर्ट्झ यांना हे पटत नव्हते. ग्रंथालयातील कपाटे जशी सर्वांना खुली असतात, तसाच संगणकही सर्व विद्यार्थ्यांना खुला असावा, असे त्यांना वाटे. इतिहास किंवा साहित्य शिकणाऱ्यांनाही तो वापरता यावा, म्हणून त्यांनी दोन गोष्टी केल्या. एकच संगणक एकाच वेळी अनेकांना वापरता येईल, अशी व्यवस्था उभारली. त्यात विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. आणि इंग्रजीतील साध्या शब्दांची एक नवी भाषा तयार केली. तीच बेसिक. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास दोन टंकयंत्रांवरून दोन कार्यक्रम एकाच वेळी चालवण्यात आले. दोन्हींची उत्तरे बरोबर आली!

ही भाषा त्यांनी पैसे न घेता सर्वांना वापरू दिली. १९७५ नंतर लहान संगणक घरोघरी जाऊ लागले, तेव्हा बहुतेक कंपन्यांनी त्यांत बेसिकच घातली. भारतातही १९८४ साली सरकारी योजनेतून काही शाळांना 'बीबीसी मायक्रो' हे संगणक मिळाले. त्यांतही बेसिक होती.

पण येथेच एक अडचण उभी राहिली. लहान संगणकाची स्मृती फार थोडी असे. म्हणून प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने भाषेत काटछाट केली. मालेगावची उर्दू आणि लखनौची उर्दू थोडी वेगळी असते, तरी माणसे एकमेकांना समजून घेतात. यंत्र तसे करीत नाही. एका संगणकाच्या बेसिकमध्ये लिहिलेला कार्यक्रम पुष्कळदा दुसऱ्यावर चालत नसे. जी भाषा सर्वांची व्हावी म्हणून जन्मली, तिच्याच अनेक बोली झाल्या.

केमेनी यांना याचे वाईट वाटले. निरनिराळ्या संगणकांवर सारखीच चालेल अशी 'ट्रू बेसिक' त्यांनी व कर्ट्झ यांनी १९८५ साली आणली. परंतु ती विकत घ्यावी लागे आणि घरच्या संगणकात तर बेसिक आधीच असे. त्यामुळे नवी भाषा फारशी पसरली नाही.

१९७० ते १९८१ या काळात केमेनी डार्टमथ कॉलेजचे अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७२ साली, तेथे पदवीच्या वर्गांत मुलींना नियमित प्रवेश मिळू लागला. अध्यक्ष असतानाही त्यांनी वर्गात शिकवणे सोडले नाही. २६ डिसेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, आता त्या काळ्या पेटीकडे पुन्हा वळू. असा संगणक मिळाला, तर आधी त्याचे नाव वाचा, मग त्याचीच बेसिक शिकवणारे पुस्तक शोधा. दुसऱ्या संगणकाची बेसिक कदाचित त्याला कळणार नाही. संगणक बंद पडलेला असला, तरी निराश होऊ नका. जुन्या संगणकांची हुबेहूब नक्कल करणारे कार्यक्रम आजच्या संगणकांवर चालतात. पहिल्या ओळीत दहा हा आकडा, पुढे प्रिंट हा शब्द आणि अवतरणचिन्हांत तुमचे नाव लिहा. मग रन ही आज्ञा द्या. पडद्यावर तुमचे नाव उमटेल. बोली कोणतीही असो, यंत्राशी बोलण्याचा हा मार्ग केमेनी आणि कर्ट्झ यांनी आपल्यासारख्या नवशिक्यांसाठीच खुला केला होता.